रजिस्टर लग्नाला कागदाची फुलं घरीच करताय? मग घडीच्या आधी पिनेचा विचार करा

रजिस्टर लग्नाचा एक प्रॉब्लेम आहे. तिथं लग्नासारखं काहीच नसतं.

मंडप नाही, सनई नाही, अंतरपाट नाही. एक टेबल, एक जाडजूड रजिस्टर, वर ट्यूबलाइट आणि तुमच्या मागंपुढं नंबर लावून बसलेली दुसरी जोडपी. सह्या झाल्या, फोटो निघाला, विषय संपला. अशा खोलीत अंगावर लावलेलं एक छोटं फूल बरंच काम करतं. कोण कुणाकडचं आहे आणि आज इथं नटून का आलंय, हे त्या फुलावरून कळतं.

म्हणून हल्ली रजिस्टर लग्नाच्या रील्समध्ये कोटावर, आंबाड्यात, मनगटावर एकसारखी कागदी फुलं दिसतात. ती बघून आपणही शोधतो आणि ‘पाच मिनिटांत कागदाचं फूल’ असे शेकडो व्हिडिओ समोर येतात. त्यातल्या बहुतेकांत फूल तयार होतं, टेबलावर ठेवलं जातं आणि व्हिडिओ संपतो.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

कारण टेबलावरचं फूल आणि अंगावरचं फूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टेबलावरच्या फुलाला कुणी मिठी मारत नाही. त्याला घाम लागत नाही, त्याच्यावरून पदर जात नाही, गाडीचा सीटबेल्ट जात नाही. अंगावरच्या फुलाला हे सगळं सहा-सात तास सोसायचं असतं. त्यामुळं घडी कशी घालायची ते सांगतेच, पण ते फूल अंगावर टिकवायचं कसं, यावर जास्त बोलू.

सुरुवात जिथं फूल लावायचं त्या जागेपासून.

कोटावर लावायच्या फुलाला फॅशनवाले ‘बुटोनिएर’ म्हणतात. नाव भारी वाटतं, पण फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चक्क काज. बटणाचं काज. कारण पूर्वी फुलाची दांडी खरोखरच कोटाच्या कॉलरवरच्या काजातून घालत. चांगल्या शिवलेल्या कोटाची डावी कॉलर उलटून बघा, काजाच्या खाली आतल्या बाजूला दोऱ्याचा एक बारीक फास असतो. तो दांडी अडकवायला असतो. आपल्याकडं या काजातल्या फुलाचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे पंडित नेहरूंचं लाल गुलाब.

आता अडचण अशी की आजच्या बऱ्याच रेडिमेड कोटांवरचं काज नुसतं दाखवायला असतं. दोऱ्यानं शिवलेलं, पण मधून कापलेलं नसतं. म्हणजे दांडी आत जाणारच नाही, पिन लागणार. नवरदेवाचा कोट आला की पहिल्यांदा हे बघा. बंदगळ्याला तर अशी कॉलरच नसते, तिथं फूल डाव्या छातीवर खिशाच्या जरा वर लागतं. नऊवारीला, पैठणीला, कुर्त्याला आणखी वेगळं. जागा ठरली की फुलाचा आकार ठरतो आणि मग कागदाचा. आपण नेमकं उलट्या क्रमानं करतो आणि शेवटी मुठीएवढं फूल कोटावर लटकत राहतं.

कोटासाठी चार-पाच सेंटीमीटर रुंदीचं फूल पुरे. त्याहून मोठं असेल तर फोटोत आधी फूल दिसतं, मग नवरदेव.

कागदाचं फूल अंगावर टिकवण्याचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, याचं एक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीत तिथं ११ नोव्हेंबरच्या आसपास लोक छातीवर लाल पॉपीचं फूल लावतात. राजघराण्यापासून बातम्या देणाऱ्या अँकरपर्यंत सगळे. ही प्रथा तिथं १९२१ मध्ये सुरू झाली. १९२२ मध्ये लंडनमध्ये युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पॉपी बनवण्याचा कारखाना निघाला आणि फुलाची रचनाच अशी केली गेली की शारीरिक अपंगत्व आलेल्या माणसालाही ते सहज जोडता यावं. पुढं या कागदी फुलाला प्लॅस्टिकची दांडी आली. ती काढून पूर्ण कागदाचं पॉपी आणायला रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेला २०२३ साल उजाडलं. त्या कागदातला अर्धा भाग कॉफीचे कप बनवताना उरणाऱ्या कचऱ्यातून येतो. शंभर वर्षं कागदाचीच फुलं करणारे लोक, तरी दांडीचा प्रश्न असा सुटायला इतका वेळ गेला. त्यामुळं आपल्याला पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर फार मनाला लावून घेऊ नका.

आता घडी.

रील्समध्ये दिसणारं पाच पाकळ्यांचं फूल बहुतेक वेळा ‘कुसुदामा’ असतं. हा जपानी शब्द आहे. कुसुरी म्हणजे औषध आणि तामा म्हणजे गोळा. मुळात औषधी वनस्पती आणि सुगंधी द्रव्यं एकत्र बांधून घरात टांगत, तो कुसुदामा. नंतर तसेच गोळे कागदाचे होऊ लागले. पाच पाकळ्यांचं एक फूल, अशी १२ फुलं जोडली की पूर्ण गोळा होतो. म्हणजे ६० कागद. आपल्याला गोळा नकोय, त्यातलं एकच फूल हवंय.

प्रत्येक पाकळीला एक चौकोनी कागद. पहिल्या सरावाला १० सेंटीमीटरचा चौकोन घ्या, लहान चौकोनावर शिकायला गेलात तर बोटं आणि डोकं दोन्ही अडकतं.

कागदाची एकच बाजू रंगीत असेल तर ती खाली ठेवा. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करा. टोक वर, लांब बाजू तुमच्याकडं. डावा आणि उजवा कोपरा उचलून वरच्या टोकाला नेऊन भिडवा. समोर शंकरपाळी दिसेल. या शंकरपाळीवर आता दोन पदर आहेत, त्यांच्या कडा मधोमध भेटतात. प्रत्येक पदराची ही मधली कड बाहेरच्या कडेवर आणून ठेवा आणि घडी नखानं दाबा. दोन्ही टोकं आता शंकरपाळीच्या बाहेर डोकावतायत.

पुढची पायरी सगळ्यांना नडते, म्हणून सावकाश. बाहेर दुमडलेला तो पदर दुपदरी आहे, त्याच्या आत एक खिसा आहे. खिशात बोट घाला, तो उघडा आणि वरून दाबून चपटा करा. एक छोटा पतंग तयार होईल, अर्धा शंकरपाळीवर आणि अर्धा बाहेर. दुसऱ्या बाजूला तसंच. दोन्ही पतंगांची टोकं शंकरपाळीच्या वरच्या कडांच्या रेषेबाहेर जातात, ती तुमच्याकडं दुमडून रेषेत आणा. मग पतंगांचे बाहेर राहिलेले अर्धे भाग आत घ्या. परत शंकरपाळी झाली, फक्त जरा जाड.

आता डावीकडच्या आणि उजवीकडच्या वरच्या त्रिकोणांना फेव्हिकॉलचा पातळ हात लावा आणि दोन्ही एकमेकांना चिकटवा. इथं मधल्या कागदाला घडी घालायची नाही, नुसता गोल वळवायचा. हातात पानाच्या द्रोणासारखी पाकळी येईल आणि आत परागांसारख्या बारीक घड्या दिसतील. वाळेपर्यंत कपड्याचा छोटा चिमटा लावून ठेवा. अशा पाच पाकळ्या, टोकं एका बिंदूत आणि जोड आतल्या बाजूला येतील अशा चिकटवल्या की फूल तयार.

एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. पाकळीची लांबी चौकोनाच्या कर्णाच्या निम्मी असते, म्हणजे बाजूच्या साधारण ०.७ पट. ४ सेंटीमीटरच्या चौकोनाची पाकळी २.८ सेंटीमीटर होते आणि कोटाला हवं तेवढं फूल मिळतं. आंबाड्यासाठी ५ किंवा ६ सेंटीमीटरचा चौकोन घ्या. ए-४ कागदातून ४ सेंटीमीटरचे ३५ चौकोन निघतात, म्हणजे सात फुलं. वीस फुलांना तीन कागद पुरतात आणि वर पाच चौकोन उरतात. खर्च कागदाचा नाहीच, वेळेचा आहे.

पण कागद कुठला?

इथं लोक शाळेच्या सवयीनं घोटीव कागद आणतात. चकाकी छान असते, घडीही मस्त बसते. फक्त त्याचा रंग घामाला टिकेलच असं नाही. क्रेप कागदाचं तेच. पांढऱ्या शर्टावर, क्रीम रंगाच्या साडीवर गुलाबी डाग पडला तर तो दिवसभर सगळ्या फोटोंत येणार. म्हणून कुठलाही रंगीत कागद घेतला की ओला कापूस त्याच्यावर घासून बघा. कापूस रंगला तर तो कागद पत्रिकेला वापरा, अंगावर नको. कार्डशीटच्या वाटेला तर जाऊच नका. १२० जीएसएमच्या वरचा कागद एवढ्या लहान घडीत फाकतो, कडेला चिरतो आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. ७० ते ८० जीएसएमचा, आरपार रंगवलेला साधा कागद सगळ्यात भरवशाचा.

कागद घडीवर का चिरतो, हेही बघू. मशिनवर कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एका दिशेला लागतात. त्या दिशेनं घडी घातली तर ती शिस्तीत बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात. हातकागदात तंतू असे एका दिशेला ताणलेले नसतात, शिवाय तो सुती चिंध्यांपासून केला असेल तर तंतू लांब आणि चिवट असतात. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथं किंवा कुठल्याही खादी भांडारात पातळ हातकागद मिळाला तर घ्या. त्याची फुलं कडक दिसत नाहीत, किंचित मऊ, कापडी वाटतात. नवरा-नवरीसाठी हातकागद आणि बाकीच्यांसाठी साधा, असं केलं तरी चालतं.

बुजुर्ग मंडळी विचारतातच, ‘एवढी खटपट कशाला, खरी फुलं आणा की.’ आणा. मोगऱ्याच्या वासाला कागदाकडं उत्तर नाही आणि ते शोधायचाही प्रयत्न करू नका. पण सकाळी नऊला लावलेलं ताजं फूल दुपारी जेवणाच्या पंगतीपर्यंत मान टाकतं. कुणाला परागांची ॲलर्जी असते. आणि कागदाची फुलं महिनाभर आधी करून ठेवता येतात. स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ खाली लग्न करायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावीच लागते. नोटीस दिल्यावर या ३० दिवसांत करायचं काय, याचं हे एक बरं उत्तर आहे.

आता पिनेकडं येऊ.

८० जीएसएमच्या कागदाचे ४ सेंटीमीटरचे पाच चौकोन म्हणजे ०.६४ ग्रॅम वजन. एक ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे कागदाचं फूल कोटावर खाली लोंबतं ते वजनानं नाही. ते एकाच बिंदूवर अडकवलेलं असतं, म्हणून फिरतं. भिंतीवरची फ्रेम एका खिळ्यावर वाकडी होते ना, तसंच. त्यामुळं वजन कमी करायच्या मागं लागू नका, फूल दोन ठिकाणी धरलं जाईल असं बघा.

त्यासाठी दांडी लागते. २२ किंवा २४ गेजची पातळ तार घ्या, वरच्या टोकाला बारीक वेटोळं करा आणि पाकळ्या जोडण्याआधी ते मध्ये ठेवून सगळ्या पाकळ्या त्याच्याभोवती चिकटवा. वेटोळं नसेल तर तार सरळ निसटते. खाली पाच-सहा सेंटीमीटर दांडी ठेवा आणि तिच्यावर हिरवी फ्लोरल टेप गुंडाळा. ही टेप हातात घेतली तर अजिबात चिकट लागत नाही आणि लोक दुकानदाराला परत करायला जातात. ती ताणल्यावर चिकटते, कारण तिच्यात मेण असतं. ताणत, तिरकी गुंडाळत खाली यायचं. तारेचं खालचं टोक आत वळवून टेपखाली झाका, नाहीतर पहिल्याच मिठीत कुणाच्या तरी छातीला टोचेल.

कोटावर लावताना पिन मागून घाला. कॉलर उलटायची, मागच्या बाजूनं पिन आत, कापडातून पुढं काढून दांडीच्या टेपमधून, परत कापडात. अशी दोनदा, जमल्यास थोडी तिरकी. पुढून पिन दिसत नाही आणि फूल फिरत नाही. कापड पातळ असेल, म्हणजे लिननचा कुर्ता वगैरे, तर मागं रुपयाएवढा फेल्टचा तुकडा ठेवून त्यातून पिन घाला. ताण एका धाग्यावर न येता पसरतो.

पैठणीला किंवा कुठल्याही रेशमी साडीला मात्र नवी पिन टोचू नका. रेशमात धागा ओढला गेला की तो परत बसत नाही, आणि ती साडी बहुतेक वेळा आईची असते. खांद्यावरच्या निऱ्यांना आधीच एक पिन लावलेली असते, फुलाची दांडी त्याच पिनेत ओवा. किंवा ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीवर लावा, तिथं कापड दुहेरी असतं. केसांत लावायचं तर दांडी छोटी ठेवून ती आकड्याला टेपनं बांधा आणि आकडा आंबाड्यात खोचा. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात टिकाऊ.

पिन नको म्हणून काही जण चुंबकाचे बॅज वापरतात. भोकं पडत नाहीत, लावायला एक सेकंद लागतो. पण घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांच्या छातीवर चुंबक अजिबात नको, त्यानं पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. लग्नाला आलेल्या प्रत्येक आजोबांना आपण हे विचारत बसत नाही, त्यामुळं माझ्या मते चुंबक सरसकट वगळावा. लहान मुलांना पिन आणि तार दोन्ही नको, त्यांच्यासाठी फूल रिबनीवर शिवून मनगटाला बांधा.

घामाचं काय? कोटावरच्या फुलाला फारसं काही लागत नाही. केसांतल्या आणि मनगटावरच्या फुलांवर क्लिअर ॲक्रिलिक वार्निशच्या स्प्रेचे दोन पातळ हात द्या, खिडकी उघडी ठेवून, आणि एक रात्र वाळू द्या. एकदम जाड हात दिला तर कागद आधी ओला होतो आणि घड्या सुटतात.

राहता राहिला प्रश्न, फुलं किती करायची.

कायद्याला दोघं आणि तीन साक्षीदार पुरतात, म्हणजे पाच फुलं. पण आपल्याकडं लग्नात फूल कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, ही साधी गोष्ट नसते. गजऱ्यांचं तबक फिरतं तेव्हा ते काही बायकांसमोरून न थांबता पुढं सरकतं. कुणी काही बोलत नाही. देणारी दुसरीकडं बघते, बसलेली पदर सारखा करते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा होत्या. तबकाबद्दल कुठला ठराव करणार?

माझ्या मामेबहिणीच्या रजिस्टर लग्नाला आम्ही पाहुण्यांची यादी घेतली आणि प्रत्येक नावापुढं एक फूल लिहिलं. बायका, पुरुष, दोन्हीकडच्या आज्या, कॅमेरावाला, सगळ्यांना एकाच रंगाचं, एकाच आकाराचं. २२ फुलं झाली. तबक फिरवलंच नाही, दारात उभं राहून प्रत्येकाला आपल्या हातानं लावलं. मावशीआजी आधी ‘मला कशाला’ म्हणाली. तिला सांगितलं, हे गजरा नाही, हा बॅज आहे, सगळ्यांना लावायचाय. मग तिनं स्वतःच पदराची पिन पुढं केली. कागदाच्या फुलाचा हा फायदा कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. त्याच्याबद्दल अजून कुणी नियम केलेले नाहीत.

यादीत फोन करणारी, जेवण वाढणारी, गाडी चालवणारी माणसंही धरा. पाच-सहा फुलं वाढली तर एक संध्याकाळ जास्त जाते, एवढंच.

नेताना पिशवीत टाकून नेलीत तर मेहनत वाया. घरातला अंड्यांचा ट्रे घ्या, ३० खणांचा. प्रत्येक खणाच्या तळाला भोक पाडा, दांडी भोकातून खाली, फूल खणात. वरून दुसरा ट्रे उपडा ठेवून सुतळीनं बांधा. पिना वेगळ्या डबीत, आणि त्या डबीची जबाबदारी एकाच माणसावर.

शेवटचे दोन खण भरलेलेच ठेवा. तिसरा साक्षीदार ऐनवेळी ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि त्याच्या जागी बाहेर उभ्या असलेल्या कुणाला तरी आत बोलवावं लागतं.